जुनी प्लेट बाइंडिंग: झिजलंय काय आणि थकलंय काय

जुनी स्नोबोर्ड बाइंडिंग, म्हणजे बर्फावरच्या त्या फळीला बूट घट्ट धरून ठेवणारी जोडणी, हातात आली की बहुतेक जण आधी गंज बघतात, मग ओरखडे, मग लिव्हर दोनचारदा खटाखट उघडबंद करतात आणि "चालतंय की" म्हणून मोकळे होतात. मीपण कितीतरी वर्षं हेच करायचो. पण गंज नि ओरखडे हे बाइंडिंगचे सगळ्यात किरकोळ आजार आहेत, आणि जी गोष्ट खरोखर उतारावर तोंडघशी पाडते ती नुसत्या डोळ्याला बरेचदा दिसतच नाही. त्यामुळे कमी पैशात बाइंडिंग नीट करायची असेल तर पहिलं काम पाना हातात घ्यायचं नाहीच, पहिलं काम म्हणजे कुठला भाग झिजलाय आणि कुठला थकलाय हे वेगळं करायचं. झिजलेलं दिसतं, हलतं, खडखडतं, आणि बहुतेक वेळा स्वस्तात नीट होतं. थकलेलं शेवटपर्यंत ठणठणीत दिसतं आणि मग एका झटक्यात तुटतं. ते दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. सगळं बजेट या एका फरकावर उभं आहे.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फावर जे बहुतेक स्नोबोर्डवाले दिसतात ते मऊ बूट आणि पट्ट्यांची बाइंडिंग वापरतात. अल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणजे दुसरी जात: अरुंद लांब बोर्ड, स्कीच्या बुटांसारखे कडक प्लॅस्टिकचे हार्डबूट, दोन्ही पावलं बोर्डाच्या पुढच्या दिशेला वळवलेली, आणि बोर्ड कडेवर उभा करून बर्फात एक बारीक रेघ कापत वळायचं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदा आलं तेव्हा जायंट स्लॅलम, म्हणजे झेंड्यांमधून वळत उतरायची शर्यत होती, २००२ पासून दोघंदोघं शेजारी धावतात ती पॅरलल जायंट स्लॅलम आली. २०१८ ला प्याँगचँगला एस्टर लेडेत्स्काने स्कीमधलं सुपर-जी आणि स्नोबोर्डवरचं हे, दोन्ही सुवर्ण एकाच ऑलिंपिकमध्ये नेलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळलं असेल.

तर या हार्डबुटांना जी बाइंडिंग लागते तिला प्लेट बाइंडिंग म्हणतात. रचना अगदी साधी आहे. खाली एक बेसप्लेट, अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची. तिच्या मधोमध गोल डिस्क, जिच्यातून चार स्क्रू बोर्डात जातात. प्लेटच्या पुढच्या नि मागच्या टोकाला एकेक ब्लॉक, आणि त्या ब्लॉकमध्ये अडकवलेली स्टीलच्या जाड तारेची कडी. इंग्रजीत तिला बेल म्हणतात, मी कडीच म्हणणार. टाच मागच्या कडीत घालायची, पुढची कडी बुटाच्या चोचीवर आणायची आणि तिचा लिव्हर टप्पकन पाडायचा, झालं. दुसरा प्रकार स्टेप-इन, त्यात टाचेतून दोन पिना बाहेर येऊन बसतात, त्यावर पुढे बोलू. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही बाइंडिंग स्कीसारखी पडताना आपोआप सुटत नाही. मुद्दामच सुटत नाही, कारण दोन्ही पाय एकाच फळीवर आहेत, एक सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर त्या अडकलेल्या गुडघ्याचं काय होईल याची कल्पना करा. म्हणजे चालू वळणात एखादी कडी तुटली तर नेमकं तेच होतं जे होऊ नये म्हणून सगळी रचना केलीये.

माझी पुढची कडी तुटली होती एकदा. वेगात नाही, नशीब, लिफ्टच्या रांगेपाशी हळू येताना, टाचेवर थोडा भार दिला आणि "टिंग" असा बारीकसा आवाज, चमचा ताटलीवर पडावा तसा. खाली बघतो तर पुढचा बूट मोकळा. तुटलेला तुकडा खिशात टाकला आणि संध्याकाळी दिव्याखाली धरून बघितला तेव्हा खरा धडा मिळाला. तुटलेल्या तोंडाचा साधारण दोनतृतीयांश भाग काळपट नि गुळगुळीत होता आणि उरलेला एकतृतीयांश चकाकता, खरखरीत, दाणेदार. म्हणजे दोनतृतीयांश कडी आधीच कधीतरी तुटलेली होती, तिथे पाणी नि घाण शिरून काळी पडली होती, आणि मी बिनधास्त त्या उरलेल्या एकतृतीयांशावर वळणं मारत होतो. बाहेरून कडी नव्यासारखी होती हो. गंजाचा ठिपका नाही.

याला धातूचा थकवा म्हणतात. लोखंडी तार पक्कड लावून तोडलीये ना कधी, एका झटक्यात तुटत नाही पण इकडून तिकडे वाकवत राहिलं की आठदहा वेळात तुटते. कडीचं तेच, फक्त वाकणं इतकं कमी की दिसत नाही आणि वेळा हजारोंनी. प्रत्येक वळणात ताण चढतो, उतरतो. जिथे ताण जास्त गोळा होतो तिथे, म्हणजे कडी जिथे वळते ती जागा, ब्लॉकमध्ये शिरते ती जागा, किंवा तिच्यावर एखादी खाच पडलीये ती जागा, तिथे केसाएवढी चीर सुरू होते आणि दर वळणाला थोडी थोडी आत सरकते. स्टीलचा एक गुण असा की ताण ठराविक मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेऱ्या झेलतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही, त्याच्या खात्यात प्रत्येक फेरी जमा होत राहते. मग कोणी म्हणेल की अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आधी तुटायला हवी, कडी कशी तुटते? कारण प्लेट जाड रुंद असते, तिच्यावर ताण पसरतो, आणि कडी बोटापेक्षा बारीक तार, सगळा भार तिच्या एकदोन वाकणांवर येतो. तिथे मर्यादा ओलांडली जातेच.

म्हणून माझा नियम सोपा आहे. सेकंडहँड बाइंडिंग घेतली की कड्या नवीन, विषय संपला. आधीच्या मालकाने किती दिवस वापरली हे त्यालाही आठवत नसतं. प्लेट जुनी चालेल, डिस्क जुनी चालेल, ब्लॉकसुद्धा तपासून चालेल, कडी नाही. वाकलेली कडी व्हाइसमध्ये धरून सरळ करायची नाही, तडा गेलेली वेल्डिंग करून जोडायची नाही, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं स्टील बदलून जातं आणि पुढच्या वेळी ते जोडाच्या शेजारी तुटतं. तुमच्या बाइंडिंगच्या मॉडेलच्या कड्या वेगळ्या सुट्या मिळत नसतील तर ती बाइंडिंग फुकट मिळाली तरी महाग आहे. बॉम्बर, एफटू असल्या नावांच्या बाइंडिंगा जुन्या बाजारात चटकन उचलल्या जातात त्याचं एक कारण हेच, त्यांच्या सुट्या भागांचा शोध लागण्याची शक्यता जास्त.

प्लेट आणि ब्लॉक तपासायचे कसे? आधी सगळं सुटं करा. खरंच सगळं, डिस्क वेगळी, ब्लॉक वेगळे, स्क्रू एका डबीत. साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, आणि भोकांच्या कडा, कोपरे, जिथे जाडी अचानक बदलते अशा जागा भिंगातून बघा. धातूच्या भागांसाठी एक जुनी युक्ती आहे, पूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चाकं नि आस अशाच तपासायचे. भाग स्वच्छ करून त्याला पातळ तेल किंवा रॉकेल लावायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, मग फडक्याने अगदी कोरडं पुसायचं, आणि वरून खडूची बारीक पूड भुरभुरवायची. कुठे चीर असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर एक ओलसर काळपट रेघ उमटते. ओरखडा असेल तर काही उमटत नाही. रंगीत स्प्रेचं तयार किटही मिळतं, तत्त्व तेच, दिसायला जास्त स्पष्ट. हे उघड्या हवेत करा, जवळ काही पेटलेलं नको, आणि रबराच्या नि प्लॅस्टिकच्या भागांना रॉकेल अजिबात लावू नका.

प्लेटला चीर सापडली तर प्लेट गेली. अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग करून देणारा कोणी ना कोणी मिळतोच, आणि तो छान चकचकीत जोड मारूनही देईल, पण हे भाग उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेल्या मिश्रधातूचे असतात, वेल्डिंगने जोडाच्या आसपासचा तो कडकपणा उतरतो. ७०७५ नावाचा जो जास्त ताकदीचा मिश्रधातू असतो तो तर नेहमीच्या वेल्डिंगला लायकच नाही.

प्लॅस्टिकच्या भागांची गोष्ट वेगळी. प्लॅस्टिक उन्हाने म्हातारं होतं आणि थंडीत ठिसूळ होतं, आणि आपण त्याला नेमकं ऊन आणि थंडी दोन्ही देतो. स्क्रूच्या भोकाभोवती किंवा वाकाजवळ पांढरट डाग दिसले, दुमडलेल्या प्लॅस्टिकवर येतात तसे, तर ते ताणाचे डाग आहेत. डाग पुसून जात असेल तर घाण होती, पुसला जात नसेल तर भाग बदला.

आता स्क्रू. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच आणि सगळ्यात जास्त गाढवपणा इथेच होतो.

बोर्डात जे धातूचे आटे बसवलेले असतात, इन्सर्ट, ते जवळजवळ सगळीकडे एम ६ मापाचे, म्हणजे स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. हे १ मिलिमीटर फार सोयीचं आहे. स्क्रूला एक पूर्ण वेढा दिला की तो बरोबर १ मिलिमीटर आत जातो. म्हणून मोजपट्टीच नको. स्क्रू बोटाने लावा, आटा पकडला की मोजायला लागा, पूर्ण आवळेपर्यंत किती वेढे झाले. साधा ठोकताळा असा की स्क्रूच्या व्यासाएवढी लांबी आट्यात असावी, म्हणजे किमान ६ वेढे. ३-४ वेढ्यांत स्क्रू आवळला जात असेल तर तो आखूड आहे, आट्यांसकट उपटून येऊ शकतो. उलट फार लांब असेल तर तो इन्सर्टच्या तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं आवळला, प्रत्यक्षात बाइंडिंग ढिलीच, आणि आणखी जोर केलात की बोर्डाच्या तळाला बाहेरून टेंगूळ. आधी आगकाडी इन्सर्टमध्ये उभी घालून खोली मोजा, खूण करा, मग बाइंडिंग डिस्कमधून स्क्रू किती बाहेर येतो ते त्याच काडीशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

स्क्रूचं डोकं बघा. बरेच बाइंडिंगचे स्क्रू साध्या फुलीचे नसतात, पॉझीड्राइव्ह नंबर ३ चे असतात. ओळखायची खूण म्हणजे मोठ्या फुलीच्या मध्ये तिरक्या चार बारीक रेघा. यात साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर घातला की तो बसल्यासारखा वाटतो पण जोर दिला की वर चढतो नि खाच खाऊन टाकतो. पन्नास टक्के "मेलेले" स्क्रू चुकीच्या बिटने मारलेले असतात असं माझं आपलं मत. खाच गेलीच असेल तर योग्य बिट घालून वर हातोडीचा हलका ठोका द्या, मग सगळं वजन टाकून फिरवा, बरेचदा सुटतो. बिट आणि स्क्रूमध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून बघा. नाहीच तर उलट्या आट्याचं ड्रिल बिट. पण स्क्रू गरम करायचा मोह बोर्डावर टाळा, बोर्ड इपॉक्सीने चिकटवलेला असतो आणि इन्सर्टमधून गेलेली उष्णता थेट त्या चिकटीत नि तळाच्या प्लॅस्टिकमध्ये जाते.

नवीन स्क्रू आणायला गेलात तर दोन सापळे. पहिला, चपट्या बसणाऱ्या डोक्याचा कोन: मेट्रिक स्क्रूचा ९० अंश, इंच मापाच्यांचा बहुधा ८२. डिस्कमधली खोबण ज्या कोनाची तोच स्क्रू, नाहीतर डोकं फक्त एका कडेवर टेकतं आणि डिस्कला तिथूनच चीर सुरू होते. दुसरा, आकडे. स्टेनलेसवर ए २-७० लिहिलेलं असेल तर ७० म्हणजे ७०० मेगापास्कलला तुटेल, साध्या स्टीलवर ८.८ म्हणजे ८००, १२.९ म्हणजे १२००. मग लोक १२.९ उचलतात, जास्त म्हणजे चांगलं. तर नाही, इतकं कडक स्टील ठिसूळपणाकडे झुकतं, आणि वरून जस्ताचा मुलामा चढवला असेल तर त्या मुलाम्याच्या प्रक्रियेत आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे आणखीनच. बर्फात नि ओल्यात वापरायला स्टेनलेस बरा. फक्त स्टेनलेसचा स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमची प्लेट एकत्र ओली राहिली, त्यात रस्त्यावरच्या बर्फात टाकलेलं मीठ मिसळलं, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी जमून स्क्रू जाम होतो. म्हणून सीझन संपला की सगळे स्क्रू एकदा काढून, पुसून, पुन्हा लावायचे.

आणि आता ती गोष्ट जी मला फार उशिरा कळली. घट्ट स्क्रू थकत नाही, ढिला स्क्रू थकतो. उलटं वाटतं ना? स्क्रू आवळता तेव्हा तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि प्लेट नि बोर्ड एकमेकांवर दाबले जातात. या दाबाच्या आत जोवर वळणाचा भार आहे तोवर स्क्रूला त्या चढउताराचा अगदी थोडाच वाटा कळतो, बाकीचा दोन दाबलेल्या पृष्ठभागांमध्येच जिरतो. ढिला झाला की तोच भार सगळा स्क्रूवर, दर वळणाला झटका, आणि वर सांगितलेला कडीचा खेळ इथेही सुरू. म्हणून तुटलेला स्क्रू बघून "अजून मजबूत स्क्रू लावू" म्हणायच्या आधी तो ढिला कधीपासून होता ते विचारा. अर्थात घट्ट म्हणजे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट, ड्रिल मशीन लावून नाही. जास्त आवळलंत की इन्सर्ट वर ओढला जातो आणि बोर्डाच्या तळाला तिथे खळी पडते, प्रकाशात तिरकी धरलीत की लगेच दिसते.

ढिलं होऊ नये म्हणून निळा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, मध्यम ताकदीचा, साध्या पान्याने सुटणारा. लाल नको, तो सोडवायला उष्णता लागते आणि उष्णता आपल्याला बोर्डाजवळ नकोय. एक थेंब, तोही आट्यावर, आणि खोलीच्या तापमानात रात्रभर वाळू द्या. पार्किंगमध्ये कुडकुडत लावून लगेच चढायचं नाही, थंडीत तो सुकतच नाही. पण महत्त्वाचं म्हणजे हा द्रव पॉलिकार्बोनेट नि एबीएससारख्या प्लॅस्टिकला लागला की ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. डिस्क प्लॅस्टिकची असेल तर थ्रेडलॉकर नकोच, आट्यावर आधीच सुका थर चढवलेले स्क्रू मिळतात ते घ्या.

सगळ्यात फुकट अपग्रेड: पर्मनंट मार्कर. स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यापासून डिस्कवर एक सरळ रेघ ओढा. डिस्कपासून बेसप्लेटवर दुसरी रेघ. पुढे कधीही नुसती नजर टाकली की कळतं, रेघ तुटलेली दिसली म्हणजे काहीतरी फिरलंय. कारखान्यांत, विमानांच्या देखभालीत हेच करतात, आणि आपल्याकडे अर्धे लोक दर वेळी स्क्रूड्रायव्हर घेऊन "बघू जरा घट्ट आहे का" करत आटेच झिजवत बसतात.

प्लेटमधले आटे गेले असतील, म्हणजे ब्लॉकचा स्क्रू नुसताच गोल गोल फिरतोय, तर ती झीज आहे, थकवा नाही, तेव्हा प्लेट वाचते. त्यावर उपाय हेलिकॉइल, म्हणजे जुने आटे ड्रिलने काढायचे, मोठ्या मापाचे नवे पाडायचे आणि त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी फिरवत बसवायची, की आत पुन्हा मूळ माप तयार. एम ६ साठी ड्रिल ६.३ मिलिमीटरचं. नीट बसवलेली हेलिकॉइल मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असते, कारण आता स्क्रू स्टीलवर घासतो. फक्त ड्रिल काटकोनात गेलं पाहिजे, हाताने मशीन धरून डोळ्याच्या अंदाजाने करणार असाल तर उभ्या ड्रिलचं मशीन असलेला कोणीतरी गाठा.

डिस्कचे दात बघायला विसरू नका. डिस्क नि प्लेट बारीक दातांनी एकमेकांत अडकतात, त्याने पावलाचा कोन धरला जातो. दात बोथट झाले की बाइंडिंग किंचित फिरते आणि तुम्हाला वाटतं आपलंच तंत्र बिघडलंय. मी एक आख्खा आठवडा वाट्टेल ते दोष स्वतःला देत होतो. डिस्क स्वस्त असते, बदला. घेताना भोकांचा नमुना जुळतोय ना बघा: बहुतेक बोर्डांवर भोकं ४ सेंटिमीटरच्या चौकटीत असतात, काही जुन्या बोर्डांवर त्रिकोणी नमुना असतो, त्याला वेगळी डिस्क लागते.

स्टेप-इनवाल्यांसाठी. इंटेक प्रकारात बुटाच्या टाचेत स्प्रिंगवरच्या दोन पिना असतात, पाय दाबला की त्या मागच्या ब्लॉकच्या भोकांत बाहेर येतात, आणि वर बुटाला असलेली केबल ओढली की आत जातात. इथे भीती एकच, पिन अर्धीच बाहेर येणे. बर्फ भरला, गंज आला, केबलचे तंतू फुटून आवरणात अडकले, काहीही. क्लिकचा आवाज झाला म्हणजे बसलं असं समजू नका. केबलचं हँडल पूर्ण खाली परत गेलं का बघा, मग टाच वर खेचून बघा. केबल झिजलेली म्हणजे बदलायची, पूर्ण तुटायची वाट बघायची नाही. पिनांना सिलिकॉनचा स्प्रे द्या. डब्ल्यूडी-४० देऊन सोडू नका, त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे, ते गंज सोडवायला मस्त पण असलेलं ग्रीसही धुऊन नेतं आणि मग दोन दिवसांनी पिना आधीपेक्षा कोरड्या.

आता एक विचित्र गोष्ट, खडखडणारी बाइंडिंग निम्म्या वेळा बाइंडिंगच नसते, बूट असतो. हार्डबूट घालून दगडी पायऱ्या नि पार्किंग तुडवलं की पुढची चोच नि टाचेची कड गोल होते आणि कडीला पकडायला धारदार कडच उरत नाही. नवी कडी लावूनही बूट हलतो. घरात जाड सतरंजी टाका, बोर्ड त्यावर, बूट अडकवा आणि पुढेमागे जोरात झुका. कुठे खट्ट होतंय ते बोट लावून शोधा, बूट आणि कडी यांच्यात, कडी आणि ब्लॉक यांच्यात, की ब्लॉक आणि प्लेट यांच्यात. बऱ्याच बुटांचे तळाचे तुकडे स्क्रू काढून बदलता येतात, ते बदला. लिव्हरचा ताण बरोबर असेल तर शेवटच्या थोड्या प्रवासात जोर लागतो आणि मध्यबिंदू ओलांडला की तो स्वतःहून पलीकडे पडतो. करंगळीने पडत असेल तर ढिला. दोन्ही हातांनी नि दात-ओठ खाऊन पाडावा लागत असेल तर घट्ट, आणि त्या घट्टपणात कडी उगाच ताणाखाली दिवसभर बसते.

एवढं झालं की मग अपग्रेड. माझ्या मते पैसे उरले असतील तर ते हलक्या वजनाच्या भागांवर नको, पावलाच्या तिरकेपणावर घाला. अरुंद बोर्डावर बूट कडेबाहेर येऊन बर्फात घासू नये म्हणून पावलं ५५-६० अंशांपर्यंत किंवा आणखी वळवावी लागतात, आणि दोन्ही पावलं सपाट ठेवली की गुडघे नि घोटे अवघडतात. म्हणून पुढच्या पायाची बोटं आणि मागच्या पायाची टाच थोडी वर उचलतात, पाचर घालून. ३ अंश ऐकायला काहीच नाही, पण बूट साधारण ३० सेंटिमीटरचा धरला तर तो एका टोकाला जवळपास दीड सेंटिमीटर उचल झाला. दोन दिवसात शरीराला कळतं. पाचर घातली की तिथे लांब स्क्रू लागतो, म्हणजे पुन्हा वेढे मोजा. एकदम सगळं बदलू नका, आधी फक्त मागची टाच उचलून एक दिवस काढा.

घरी पाचर बनवायची हौस असेल तर भाजी कापायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटाची बनवू नका. पॉलिथिलिन सतत दाबाखाली हळूहळू वाहतं, अक्षरशः पसरतं, स्क्रूचा दाब उतरतो आणि ढिल्या स्क्रूचं काय होतं ते वर झालंय. अ‍ॅल्युमिनियम किंवा डेलरिन नावाचं कडक प्लॅस्टिक घ्या. प्लेटखाली कंपनं मारायला मऊ रबराची शीट घालणाऱ्यांनाही हेच लागू: एकदोन मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि पहिल्या दिवशी दोनतीनदा आवळावं लागेल.

जुनी बाइंडिंग विकत घेताना फोटोत लोगो नका बघू, कडी जिथे ब्लॉकमध्ये शिरते तिथला जवळचा फोटो मागा, डिस्कच्या दातांचा मागा, स्क्रूच्या खाचांचा मागा. एकाच मॉडेलच्या दोन खराब जोड्यांतून एक चांगली जोडी बनते, मी असंच करतो, फक्त त्यातून काढलेल्या कड्या दुसऱ्या जोडीला लावत नाही. त्या मी वाकवून भंगारात टाकतो, म्हणजे नंतर कधी आळस आला तरी वापरण्याचा मोह नको.

दुरुस्ती झाल्यावर पहिला उतार सगळ्यात सोपा घ्या, आणि तीन फेऱ्यांनी थांबून बर्फ झटकून मार्करच्या रेघा बघा. नवीन भाग एकमेकांवर बसताना पहिल्याच दिवशी सगळ्यात जास्त ढिले होतात, म्हणून त्या दिवशी खिशात नंबर ३ चा पॉझीड्राइव्ह ठेवा. माझी दुसऱ्या डिस्कची रेघ दर वेळी पावणेदोन मिलिमीटर सरकते, कितीही केलं तरी. बहुधा डिस्कच बदलावी लागणार.